काकांचं उरलेलं बोलणं

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर जी बाई बसते, तिला तिचा दादा घाईबाई म्हणायचा. दुसरं कुणी म्हणत नसे, कुणाची टाप होती! ऑफिसात ती ताई. पण दादाने ठेवलेलं नावच तिला चपखल बसायचं, म्हणून आपणही तेच म्हणू.

घाईबाईला जन्मापासून दिसत नाही. लोकांचे फोन घ्यायचे आणि तक्रारी कॉम्प्युटरवर नोंदवायच्या, हे तिचं काम. डोक्यावर हेडफोन. उजव्या कानात लोक आणि डाव्या कानात काका. उजवीकडे कुणीतरी तावातावाने सांगत असतं की तीन दिवस नळाला टिपूस नाही, आणि डावीकडे काका सांगत असतात की बाई, तू आता फॉर्मच्या अमुक रकान्यात आहेस. काका म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. कंपनीने त्याचं नाव मोठं झोकदार ठेवलंय, पण आवाज सर्दी झालेल्या, पेन्शनीला आलेल्या गृहस्थाचा. त्यामुळे दृष्टी नसलेल्या मंडळींत त्याला सगळे काकाच म्हणतात.

घाईबाईने काकांचा वेग इतका वाढवून ठेवला होता की डोळस माणसाला वाटावं, फोडणीत मोहरी तडतडतेय. आणि तेवढंही ती पुरतं ऐकत नसे. काकांनी ‘प’ म्हणायचा अवकाश, की हिला कळे, पत्त्याचा रकाना. हिची बोटं चालू. बटण दाबलं की काकांनी तोंडातला शब्द तोंडात ठेवून गप्प व्हायचं, असा त्यांच्यातला कायदाच. बोलायचं थांबवायला एक वेगळं बटणही असतं, डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल. तिची डावी करंगळी कायम त्यावर. सराईत माणसं सगळी असंच करतात, त्याशिवाय काम उरकत नाही. पण ही जरा जास्तच. माणसांचंही हिने कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं, की “कळलं, कळलं.” आणि गंमत म्हणजे तिला खरंच कळलेलं असायचं. म्हणून तर खोड गेली नाही.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. अकरा वर्षांपूर्वी ऑफिसात तक्रारींचा नवा फॉर्म आला, एकतीस रकान्यांचा, आणि काकांना त्यातलं ओ की ठो कळेना. “बटण, बटण, रिकामं, रिकामं” असा नुसता पाढा. घाईबाईची खुर्ची जायची वेळ आली. तेव्हा दादाने कुठून कुठून वाचून, लोकांना विचारून काकांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. चिठ्ठ्या हा त्याचाच शब्द. या जागी आलात की हे म्हणा, त्या जागी ते म्हणा, अशा काकांना दिलेल्या सूचना. दादाच्या मशीनवर काकांचं लायसन नव्हतं. लायसन नसलं की काका चाळीस मिनिटं बोलतात आणि मग मौन धरतात. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की आणखी चाळीस मिनिटं. त्या चाळीस-चाळीस मिनिटांत, सात महिन्यांच्या रविवारांत, ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी त्या माणसाने एकतीस रकाने बोलते केले. त्यानंतर घाईबाई दिवसाला नव्वद तक्रारी नोंदवू लागली. शेजारच्या टेबलावरच्या डोळस बाई साठ.

फॉर्म थोडाफार बदलला की दादा चिठ्ठ्या दुरुस्त करून द्यायचा, आणि दर थोड्या दिवसांनी फोनवर हमखास विचारायचा, “काय गं, काका काही म्हणाले का?”

“काय म्हणणार? नाव, पत्ता, फोन नंबर.”

तो हसायचा. “हसायला काय झालं?” असं ती खेकसली की म्हणायचा, “काही नाही. तुझं चालू दे.”

मग एका मंगळवारी त्याचा फोन आला. “अगं ऐक ना, काल त्या बिल्डिंगमध्ये चढताना मला जरा—” एवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. ती म्हणाली, “कळलं, कळलं, मग बोलू.” गुरुवारी दादा सातव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये पाना हातात घेऊन जो खाली बसला, तो उठलाच नाही.

घाईबाई रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. कसला धीर, कपाळ! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी ती आख्खी झाली होती. जेवत होती, बस पकडत होती, नव्वद तक्रारी नोंदवत होती. वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन आला की “जेवलात का? बरं,” एवढं बोलून ठेवत होती.

अशात एक खरेदी निघाली. काकांच्या स्पर्धेत एक बडी कंपनी होती. तिच्या सॉफ्टवेअरला मंडळी जावई म्हणत, कारण त्याला सगळं नवं लागे: मशीन नवं, मेमरी जास्त, आणि जराशी गैरसोय झाली की रुसून बंद. त्या कंपनीने काकांची कंपनीच विकत घ्यायचं ठरवलं आणि पत्र धाडलं की तीन महिन्यांत काका बंद होतील, सर्व जुन्या ग्राहकांचं आमच्याकडे मनःपूर्वक स्वागत आहे. मनःपूर्वक म्हणे! दादाच्या चिठ्ठ्या जावयाला वाचता येत नव्हत्या. म्हणजे पुन्हा बटण, बटण, रिकामं.

विभागप्रमुख भला माणूस. त्याने तिला बोलावून सांगितलं, “ताई, तुम्ही काळजी करू नका. काम नाही जमलं तरी पगार चालू राहील. तुम्ही नुसतं येऊन बसत जा.” नुसतं येऊन बसत जा. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला याहून वाईट काही सांगता येत असेल असं मला वाटत नाही. घाईबाई “बरं” म्हणाली आणि जागेवर जाऊन पुढचा फोन उचलला.

पेटून उठला तो दृष्टिहीन संघाचा सचिव. स्वतः आंधळा, आवाज असा की माईक लाजावा. त्याने स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला: ही खरेदी रोखा, नाहीतर या धंद्यात एकच दुकान उरेल आणि आम्ही त्याच्या दारात उभे. सुनावणीची तारीख लागली. सचिव घाईबाईकडे आला. “ताई, भाषणं मी ठोकीन. पण आयोगाला एक चालतंबोलतं काम दाखवायला हवं. तुमच्याइतक्या वेगात कुणी करत नाही. एकदा संघात येऊन तालीम करू या.”

“तालीम कसली? रोजचंच तर आहे.”

“तरी पण—”

“कळलं. येते मी.”

सुनावणीचा हॉल गार होता. पायाखाली जाड गालिचा, त्यामुळे कोण कुठे चालतंय याचा पत्ता लागेना. समोर तीन सदस्य, मधोमध अध्यक्षबाई. डाव्या हाताला जावयाच्या कंपनीचा वकील; त्याच्या कोटाला नव्या कापडाचा वास येत होता. घाईबाईचं मशीन लाउडस्पीकरला जोडलं. तिने एक लुटुपुटूची तक्रार नोंदवायला घेतली आणि दोन मिनिटांत निम्मा फॉर्म उडवला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “थांबा, थांबा. मला एक अक्षर कळलं नाही. ही आपलीच भाषा आहे ना?”

सगळे हसले. वकील हळूच म्हणाला, “सॉफ्टवेअर जुनं झालंय हेच आमचं म्हणणं आहे, मॅडम.”

सचिव तिच्या कानाशी लागला. “ताई, वेग एकदम कमी करा. आणि मध्ये तोडू नका. पूर्ण बोलू द्या काकांना.”

तिने वेग उतरवला आणि करंगळी कंट्रोलवरून उचलून मुठीत धरली. नवा फॉर्म उघडला. काका सावकाश, पडशाच्या आवाजात बोलू लागले.

“नाव. नीट विचारून घे. लोक घाईत स्वतःचं नावसुद्धा गिळतात. तुझ्यासारखे.”

घाईबाईला वाटलं, मशीन बिघडलं. तिने खालचं बटण दाबलं.

“फोन नंबर. एकदा उलट म्हणून दाखव. घाईबाई, गेल्या वेळी शून्य खाल्लं होतंस.”

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. तिने पुन्हा खालचं बटण दाबलं. हात आपला नसल्यासारखा चालत होता.

“पत्ता. मजला विचार. लिफ्ट बंद असेल तर माझा नंबर दे.”

आता मात्र सदस्यही मोकळेपणी हसले. तुम्ही म्हणाल, अकरा वर्षांत हे एकदाही कानावर पडलं नाही? नाही पडलं. पहिल्या अक्षरालाच तोडायची सवय. फोन चालू असताना करंगळी कंट्रोलवर. कधी एखादं शेपूट ऐकू आलंही असेल, तर ती पुढच्या रकान्यात पोचलेली. दादाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो विचारायचा, काका काही म्हणाले का. अकरा वर्षं वाट बघत होता, पठ्ठ्या!

“तक्रारीचा प्रकार. एक, गळती. दोन, दाब कमी. तीन, गढूळ पाणी. चार, माणूस एकटा आहे आणि त्याला नुसतं बोलायचंय. त्याचंही ऐकून घे गं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “ही घाईबाई कोण?”

“मी.”

“आणि हे लिहिलंय कुणी?”

“माझ्या भावाने. लिफ्टचं काम करायचा. पाच महिन्यांपूर्वी गेला.”

आवाज कोरडा होता. पावतीवरचा नंबर वाचून दाखवावा तसा.

वकील उठला. माणूस हुशार, आणि वाईट नव्हता हे मला कबूल करायला हवं. म्हणाला, “ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मॅडम, आमच्या कंपनीची तयारी आहे. या बाईंच्याच काय, सगळ्यांच्या अशा जोडण्या आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये करून देऊ. फुकट.”

सचिवाने टेबलाखालून घाईबाईच्या पायावर पाय ठेवला. अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही मला सरळ सांगा. यांनी हे तसं करून दिलं, तर तुम्हाला काम करता येईल—”

“हो,” घाईबाई म्हणाली. “येईल करता.”

खरं तेच होतं. काम येईलच की करता, न यायला काय झालं? पडद्यावरचं वाचून दाखवलं की झालं. प्रश्न कळला, उत्तर दिलं. अध्यक्षबाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “ठीक आहे. लिहून घ्या.” कुणीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

बाहेर जिन्यापाशी सचिवाने पांढरी काठी जमिनीवर आपटली. “ताई, तुम्ही गळा कापलात आमचा!”

“खोटं बोलायला हवं होतं का?”

“खोटं कोण बोला म्हणतंय? त्यांचं वाक्य तरी संपू द्यायचंत! त्या ‘काम करता येईल’वर थांबल्या नव्हत्या हो. श्वास घेत होत्या. आत्ता त्यांचा कारकून सांगून गेला मला, उठताना त्याला म्हणाल्या म्हणे. त्या विचारणार होत्या, काम करता येईल एवढं पुरे, की आहे ते शब्द न् शब्द तसंच राहायला हवं? तुम्ही फक्त ‘तसंच हवं’ म्हणाला असतात, तर हुकमात तशी अट पडली असती. काका बंद करणं जड गेलं असतं त्यांना. सगळ्यांसाठी!”

घाईबाईच्या आत कुठेतरी हे सगळं आपटलं असणार, पण आवाज वरपर्यंत आला नाही. तिने काठी उघडली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. सचिव मागून ओरडला, “अहो, थांबा, मी सोडतो,” तर ती म्हणाली, “कळलं.”

ऑफिसात करंगळी पुन्हा कंट्रोलवर गेली, आणि महिन्याभरात हुकूम आला. खरेदीला मंजुरी, मात्र जुन्या ग्राहकांच्या कामापुरत्या जोडण्या कंपनीने करून द्याव्यात. कंपनीने शब्द पाळला. एक इंजिनिअर दोन दिवस तिच्या टेबलाशी बसून गेला. मुलगी गोड बोलायची, कामाला चोख. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, “झालं, मॅडम. आधीच्यात बराच फापटपसारा होता, तो सगळा काढलाय. जुनं मशीनही पुसून दिलंय. आता बघा कसं सुटसुटीत चालेल.”

“तो पसारा परत घालता येईल?”

“म्हणजे ती वाक्यं? अय्या, नाही हो. हुकमात कामापुरतं लिहिलंय ना. एकेकाची वेगळी वाक्यं ठेवायला लागलो तर आमचं दिवाळं वाजेल.” मग जरा ओशाळून तिने विचारलं, “महत्त्वाची होती का?”

“नाही,” घाईबाई म्हणाली. “छान केलंस.”

खुर्ची वाचली. जावई सुस्पष्ट, तुकतुकीत आवाजात म्हणे, “नाव.” आणि गप्प होई. घाईबाई थांबे. मग काहीच नाही. “फोन नंबर.” ती थांबे. “पत्ता.” अशी ती एकतीस वेळा थांबे. फोनवरची माणसंही तिने तोडायची सोडली. लोक बोलत राहायचे, नळावरून सुनेवर, सुनेवरून गुडघ्यांवर, आणि ही ऐकत राहायची. नव्वदाचा आकडा सत्तरवर आला. विभागप्रमुखाने विचारलं, “नवं सॉफ्टवेअर हळू आहे का, ताई?”

“नाही. लोकांना बोलायला वेळ लागतो.”

मग एका रविवारी दुपारी ती न कळवता वहिनीकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि नुसतं म्हणाली, “या, वन्सं.” सहा महिन्यांत न आल्याचा हिशेब तिने विचारला नाही.

“वहिनी, दादाचं मशीन आहे का हो अजून?”

“आहे तिथंच आहे. मी फक्त धूळ पुसते.”

कोपऱ्यातल्या टेबलावर चादरीखाली ते होतं. शेजारी लिफ्टचे सुटे भाग, एक दात पडलेलं चाक, तेलाची कुपी. घाईबाईने हाताने चाचपून सगळं ओळखलं. बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली. मग सर्दी झालेला तो आवाज म्हणाला, लायसन नाही, चाळीस मिनिटं चालेल. कंपनी गेली, पण इथे कुणी काही पुसलं नव्हतं. दादाने चाचणीसाठी केलेली फॉर्मची नक्कल तिथेच होती.

तिने वेग उतरवला. डावा हात मांडीखाली दाबून धरला, हो, न जाणो, करंगळीचा काय भरवसा. आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने एकेक रकाना खाली जात राहिली. वहिनी पाटावर बसून ऐकत होती. बाराव्या रकान्यात दादाने तिच्या लहानपणच्या एका चोरीची आठवण काढली होती. एकोणिसाव्यात शेजारच्या डोळस बाईंची नक्कल. वहिनी म्हणाली, “हे लिहिताना एकटाच खिदळत बसला होता. मी म्हटलं, वेड लागलं का? तर म्हणाला, एक दिवस ऐकेल आणि मला शिव्या घालायला फोन करेल, बघ.”

एकतिसावा रकाना झाला. घाईबाईने शेवटचं बटण दाबलं.

“तक्रार नोंदली,” काका म्हणाले. “क्रमांक एक. घाईबाई, इथपर्यंत ऐकलंस म्हणजे आज गर्दी नाही. मग मला कर ना एक फोन.”

तिने पर्समधून आपला फोन काढला आणि लावला. आतल्या खोलीत, कपाटावर, दादाचा फोन वाजू लागला. वहिनीने तो अजून बंद केला नव्हता. रोज चार्ज करून ठेवत होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही. तो वाजत होता, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा घाईबाईला रडू फुटलं. मोठ्याने, लहान पोरीसारखं, श्वास घेत घेत, कसलीही घाई न करता. फोन वाजून वाजून आपोआप थांबला. तोवर चाळीस मिनिटंही संपली होती आणि काका गप्प झाले होते.

वहिनीने डोळे पुसले आणि उठून मशीनपाशी आली.

“परत चालू करू का, वन्सं?”

“करा,” घाईबाई म्हणाली. “पहिल्यापासून.”